धार-देवास ते कार्ल्सरूह : ख्रिस्ती ऐक्य संमेलनांतील तरुण ‘कारभारी’

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला. देवासला तर पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून एकाच गावात दोन दरबार उभे राहिले. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत एकमेकांना खेटून नांदली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. मराठी मनातला माळवा हा असा आहे : पवारांचा, होळकरांचा, निर्गुणी भजनांचा.

याच माळव्यात एक लहानसा ख्रिस्ती समाजही राहतो, याची जाणीव मात्र क्वचितच कुणाला असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण २५.१० टक्के होते. मध्य प्रदेशात ते ०.२९ टक्के होते. म्हणजे गोव्यात चार माणसांमागे एक, तर तिकडे साडेतीनशे माणसांत जेमतेम एखादा. गोव्यात चर्चची घंटा हा रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो. धारच्या किंवा देवासच्या तरुणाला आपण कोण, हे अनेकदा पहिल्यापासून समजावून सांगावे लागते.

अशा ठिकाणचा एखादा तरुण किंवा तरुणी जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या संमेलनात स्वयंसेवक म्हणून जाते, तेव्हा नेमके काय घडते? या स्वयंसेवकांना इंग्रजीत ‘स्टुअर्ड’ म्हणतात. जागतिक चर्च परिषदेच्या महासभा आणि तिच्या मध्यवर्ती समितीच्या बैठका यांच्यासाठी असे तरुण निवडले जातात. बैठक जवळ आली की भारतातील सदस्य मंडळ्यांमध्ये शिफारसपत्रांची धावपळ सुरू होते. ही सेवा म्हणजे काय, ती कुठून आली आणि माळव्यासारख्या प्रदेशाला तिचे महत्त्व का असावे, हे समजून घेण्याजोगे आहे.

स्टुअर्ड म्हणजे काय?

जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा पाहिलेल्या माणसाला स्वयंसेवकांचे काम समजावून सांगण्याची गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या सोहळ्यात रांगा लावणारे, वृद्धांना आधार देणारे आणि पाणी पुरवणारे तरुण हजारो भाविकांनी पाहिले. स्टुअर्डचे कामही वरवर तसेच दिसते. सभागृहाच्या दारात ओळखपत्रे पाहणे, प्रतिनिधींना त्यांच्या जागी नेऊन बसवणे, भाषांतर ऐकण्याची श्रवणयंत्रे वाटणे आणि सायंकाळी ती मोजून परत घेणे, बोलू इच्छिणाऱ्या सदस्यापर्यंत ध्वनिक्षेपक पोहोचवणे, प्रार्थनेची मांडणी करणे, वृत्तविभागाला हातभार लावणे, दस्तऐवज वेळेवर पोहोचतील याची काळजी घेणे. दिवस पहाटे सुरू होतो आणि सभागृह रिकामे झाल्यावरच संपतो. या कामाला वेतन नसते.

फरक दोन आहेत. एक म्हणजे शवप्रदर्शनाचा स्वयंसेवक आपल्याच गावच्या, आपल्याच चर्चच्या सोहळ्यात राबतो, तर स्टुअर्ड ज्यांच्यासाठी राबतो त्यातील बहुतेकांची उपासनापद्धती त्याच्याहून निराळी असते. रशियन ऑर्थोडॉक्स बिशप, आफ्रिकेतील मेथोडिस्ट पाळक, जर्मनीतील लुथरन धर्मशास्त्रज्ञ, लॅटिन अमेरिकेतील पेंटेकोस्टल कार्यकर्त्या हे सारे एका छपराखाली असतात. दुसरा फरक शिक्षणाचा. १८ ते ३० या वयोगटातील हे तरुण बैठक सुरू होण्याआधीच येऊन दाखल होतात आणि त्यांच्यासाठी ख्रिस्ती ऐक्य चळवळीचा स्वतंत्र अभ्यासवर्ग चालतो. कोणते मतभेद कशावरून झाले, कोणत्या मंडळ्या एकत्र प्रभुभोजन घेऊ शकत नाहीत आणि का, हे त्यांना तिथे समजते. परतल्यावर आपल्या गावी एखादा उपक्रम हाती घ्यावा, अशी अपेक्षाही असते.

‘एक्युमेनिकल’ हा शब्द ‘ओइकुमेने’ या ग्रीक शब्दावरून आला. अर्थ ‘वसलेले जग’. मूळ धातूशी ‘घर’ या अर्थाचे नाते आहे. ‘स्टुअर्ड’ला तर मराठी बायबलमध्ये फार पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे : ‘कारभारी’. दुसऱ्याच्या घराचा वा दौलतीचा व्यवहार विश्वासाने सांभाळणारा. मराठी संस्थानांच्या इतिहासात या शब्दाला केवढे वजन होते, हे धार-देवासला तरी सांगावे लागू नये. कारभारी गादीवर बसत नसे, पण गादी कशी चालते हे त्याच्याइतके जवळून कुणी पाहत नसे.

एडिंबरोतील दारपाल

या प्रथेचे मूळ जागतिक चर्च परिषदेहून जुने आहे. १४ ते २३ जून १९१० या काळात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी जमले होते. आधुनिक ख्रिस्ती ऐक्य चळवळीचा आरंभ बहुतेक इतिहासकार याच परिषदेपासून मानतात. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे जॉन मॉट होते आणि त्यांची सारी घडण विद्यार्थी चळवळीत झाली होती. साहजिकच सभागृहाची व्यवस्था विद्यापीठांतील तरुणांकडे आली. दारावर उभे राहणाऱ्या, चिठ्ठ्या पोहोचवणाऱ्या या तरुणांत ऑक्सफर्डमध्ये शिकवणारे २८ वर्षांचे विल्यम टेंपल होते. पुढे ते यॉर्कचे आणि १९४२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. १९३८ मध्ये जागतिक चर्च परिषद स्थापन करण्यासाठी जी तात्पुरती समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. परिषद प्रत्यक्षात साकारलेली मात्र त्यांना पाहता आली नाही. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबत काम केलेले जॉन बेली हे पुढे स्कॉटलंडमधील नामवंत धर्मशास्त्रज्ञ ठरले.

स्टुअर्डच्या सेवेविषयी बोलताना हे उदाहरण हमखास दिले जाते आणि ते खरेही आहे. पण त्याच सभागृहातली दुसरी घटना भारतीय वाचकाने विसरू नये. बाराशे जणांत आशियाई प्रतिनिधी वीसही नव्हते. त्यांपैकी तमिळ प्रदेशातले व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनरींना थेट सुनावले की तुम्ही आम्हाला दाने दिलीत, त्याग केलात, पण आम्हाला खुर्चीवर बरोबरीने बसवले नाहीत. आम्हाला मित्र हवेत. हे भाषण त्यावेळी अनेकांना झोंबले. दोन वर्षांनी अझरिया दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चमधील पहिले भारतीय बिशप. चर्चच्या ऐक्यासाठी भारतात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. दारावर उभा असलेला तरुण आणि व्यासपीठावरून बरोबरीची जागा मागणारा भारतीय, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच छपराखाली घडल्या.

माळव्याला ऐक्य का हवे होते?

आता धारकडे वळू. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर येथे काम सुरू केले. नीमच, रतलाम, उज्जैन अशी ठाणी वाढत गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात धारही त्यांत आले. १८९१ मध्ये भारतात आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा यांचे नाव धारच्या वैद्यकीय सेवेशी कायमचे जोडले गेले आहे. बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत, तो हा काळ.

या मिशनरींनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. माळवा कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचा, नागपूर स्कॉटिश मिशनचे, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचा जम, कोल्हापूर आणि वेंगुर्ले अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयाची ख्याती गोव्यात जुन्या पिढीला आजही आठवत असेल. या वाटणीमुळे भांडणे टळली, पण परिणाम विचित्र झाला. नगरच्या बाजूचा माणूस काँग्रिगेशनल झाला आणि धारचा प्रेस्बिटेरियन, तो काही स्कॉटलंड-इंग्लंडमधील तीनशे वर्षांपूर्वीच्या वादांत बाजू घेऊन नव्हे. त्याच्या गावी कोण पोहोचला, एवढ्यावर ते ठरले. ज्या भांडणाशी आपला संबंध नाही त्याचे पाटीवरचे नाव मात्र आपण वागवायचे, हे भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांना खटकू लागले. एका गावात दोन दरबार, दोन कचेऱ्या आणि प्रजा मात्र तीच, हा देवासचा अनुभव ज्यांना माहीत आहे त्यांना ही अडचण चटकन उमजेल.

म्हणूनच ऐक्याची पहिली पावले इथे लवकर पडली. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले. माळव्यातील हिंदी भाषक मंडळी आणि अहमदनगरची मराठी मंडळी एका छत्राखाली आली. पुढच्याच वर्षी, जून १९२५ मध्ये, खुद्द कॅनडात प्रेस्बिटेरियनांचा मोठा गट, मेथोडिस्ट आणि काँग्रिगेशनल यांचे ‘युनायटेड चर्च ऑफ कॅनडा’ बनले. म्हणजे मुलीने आईच्या आधी वर्षभर संसार मांडला, असेच म्हणावे लागेल.

पुढचा टप्पा मात्र सोपा नव्हता. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बालकाचा की प्रौढाचा, आधीच्या पाळकांची दीक्षा ग्राह्य धरायची कशी, अशा प्रश्नांवर १९२९ पासून वाटाघाटी चालल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या परिसरात सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. एकेचाळीस वर्षे! अमेरिकन परंपरेतील मेथोडिस्टांनी तर ऐन वेळी माघार घेतली. माळव्यातील जुनी कॅनेडियन मंडळी याच चर्चमध्ये आली आणि आज ती त्याच्या भोपाळ धर्मप्रांतात मोडते. दक्षिणेत हेच काम २७ सप्टेंबर १९४७ रोजी ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’च्या रूपाने झाले होते.

धारचा तरुण स्टुअर्ड म्हणून परदेशी जातो तो या वारशासह. संमेलनात ज्या ऐक्याची चर्चा इतर अनेक देशांचे प्रतिनिधी भविष्यकाळात करतात, ते त्याच्या आजी-आजोबांच्या हयातीत घडून गेलेले असते.

दिल्ली, १९६१

भारताने असे जागतिक मेळावे भरवलेही आहेत. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या नव्या आवारात आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. डिसेंबर १९५२ मध्ये केरळात कोट्टायम येथे ख्रिस्ती युवकांची तिसरी जागतिक परिषद झाली. सर्वांत मोठा प्रसंग मात्र दिल्लीचा. १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९६१ या काळात विज्ञान भवनात जागतिक चर्च परिषदेची तिसरी महासभा झाली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी तिच्यापुढे भाषण केले. आशियाच्या भूमीवरची ही पहिली महासभा. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च याच सभेत सदस्य झाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही गोष्ट किती मोठी होती याची कल्पना करता येते. आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदही इथेच जागतिक चर्च परिषदेत विलीन झाली. आणि रोमन कॅथलिक चर्चने प्रथमच आपले पाच अधिकृत निरीक्षक पाठवले.

गोमंतकीय वाचकाचे लक्ष या तारखांकडे गेल्यावाचून राहणार नाही. महासभा ५ डिसेंबरला संपली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. विज्ञान भवनात जगभरचे ख्रिस्ती ऐक्याचा विचार करत होते तेव्हा या मातीवर अजून पोर्तुगीज ध्वज होता.

गोव्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक आहेत आणि कॅथलिक चर्च जागतिक चर्च परिषदेचे सदस्य नाही. त्यामुळे हा विषय आपला नव्हे, असे वाटू शकते. तसे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा दस्तऐवज संमत केला, १९६५ पासून दोन्ही संस्थांचा संयुक्त कार्यगट आहे आणि १९६८ पासून कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ परिषदेच्या ‘फेथ अँड ऑर्डर’ आयोगाचे पूर्ण सदस्य आहेत. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह दोघेही मिळून पाळतात. शिवाय रायबंदरला सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्च आहे. कॅथलिक धर्मगुरू असलेले आणि पुढे ऑर्थोडॉक्स बिशप झालेले वेर्ण्याचे पाद्री आल्वारीस तिथे चिरनिद्रा घेत आहेत. ते ज्या मलंकर ऑर्थोडॉक्स परंपरेत गेले ती जागतिक चर्च परिषदेची सदस्य आहे.

सेवा करायची, बोलायचे नाही?

स्टुअर्डच्या सेवेचे गोडवे गाणे सोपे आहे. त्यातली बोच सांगायला हवी.

२००६ मध्ये ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथील महासभेपासून परिषदेने बहुतांश निर्णयांसाठी सहमतीची पद्धत स्वीकारली. प्रतिनिधींना दोन रंगांची कार्डे दिली जातात. मांडलेला विचार पटत असेल तर नारिंगी, पटत नसेल तर निळे. अध्यक्षांना समोर पाहताच सभागृहाचा कल कळतो. ही पद्धत सुंदर आहे. हातघाईचे मतदान टळते आणि अल्पसंख्य मत दडपले जात नाही. पण सभागृहात सर्वांत जास्त फिरणाऱ्या, प्रत्येक रांगेपर्यंत ध्वनिक्षेपक नेणाऱ्या स्टुअर्डच्या हातात यांपैकी कोणतेही कार्ड नसते. तो दुसऱ्याचा आवाज पोहोचवतो, स्वतःचा नाही.

तरुणांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. जुलै १९६८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे चौथी महासभा झाली. पॅरिसच्या विद्यार्थी उठावाला जेमतेम दोन महिने झाले होते. उद्घाटनाचे प्रवचन देण्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग यायचे होते. एप्रिलमध्ये त्यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागी श्रीलंकेचे डी. टी. नाइल्स उभे राहिले. त्या सभेत मताधिकार नसलेल्या तरुणांनी निदर्शने केली. वर्णभेद आणि दारिद्र्य यांविषयी ठराव नकोत, कृती हवी, अशी त्यांची मागणी होती. पुढे प्रतिनिधींत २५ टक्के तरुण असावेत असे उद्दिष्ट परिषदेने ठरवले. ते गाठणे महासभांना सातत्याने जड गेले आहे, कारण प्रतिनिधी निवडायचे असतात सदस्य मंडळ्यांनी, आणि मंडळ्यांना ज्येष्ठांचा मान राखायचा असतो. एकच जागा असेल तर ती बिशपांना. तरुणाला स्टुअर्ड म्हणून पाठवता येते, मग प्रतिनिधी कशाला, असा सोयीचा हिशेब त्यात दडलेला असतो. तो मोडल्याशिवाय स्टुअर्डची सेवा ही संधी आहे की समजूत काढण्याची युक्ती, हा प्रश्न मिटणार नाही.

याला अपवाद आहेत आणि ते लखलखीत आहेत. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका या चिमुकल्या बेटावरचे फिलिप पॉटर १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पहिल्या महासभेत तरुणांच्या वतीने बोलले आणि १९७२ मध्ये परिषदेचे सरचिटणीस झाले. केरळचे एम. एम. थॉमस युवक आणि विद्यार्थी चळवळीतून आले आणि १९६८ ते १९७५ या काळात मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते. दोघांनाही कुणीतरी तरुणपणीच बोलू दिले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

कुणाला जाता येते?

निवडीची वाट साधी वाटते. इच्छुकाने अर्ज भरायचा, आपल्या मंडळीच्या पाळकाचे आणि चर्चच्या वरिष्ठांचे शिफारसपत्र जोडायचे, आपण कोणते काम केले आहे ते सांगायचे. निवड करताना स्त्री-पुरुष, खंड आणि मंडळ्या यांचा तोल पाहिला जातो. भारतातील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची शिखर संस्था असलेली भारतीय राष्ट्रीय चर्च परिषद नागपुरातूनच चालते. एडिंबरोच्या प्रेरणेने १९१४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मिशनरी परिषदेचे ते आजचे रूप. मराठी मुलखाचा या चळवळीशी असलेला संबंध असा पत्त्यापासूनच सुरू होतो.

खरी चाळणी निराळीच असते. कामापुरते इंग्रजी येणे आवश्यक आहे. इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला ते जमते. धार जिल्ह्याच्या भिल्ल वस्तीतून आलेल्या, घरी भिली आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाला ते जमेलच असे नाही. त्यानंतर पारपत्र. त्यानंतर व्हिसा, बँकेतील शिल्लक दाखवणारे कागद, मुलाखत, आणि नकार आल्यास कारण न विचारण्याची सवय. पंधरवडा-महिनाभर बिनपगारी राहणे ज्याला परवडते तोच अर्ज करतो, हेही खरे. म्हणजे ज्यांच्या नावाने या संमेलनांत गरिबांची आणि आदिवासींची बाजू मांडली जाते, त्यांची मुले दारापर्यंत पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी. याचा दोष एकट्या आयोजकांना देता येणार नाही. इथल्या मंडळ्यांनी आपल्याच मुलांना भाषेचे आणि कागदपत्रांचे साह्य करण्यासाठी काय केले, असेही विचारावे लागेल.

उदयनगरची आठवण

जागतिक चर्च परिषदेची अकरावी महासभा ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२२ या काळात जर्मनीतील कार्ल्सरूह येथे झाली. ख्रिस्ताचे प्रेम जगाला समेटाकडे आणि ऐक्याकडे नेते, असे तिचे सूत्र होते. समेट हा शब्द व्यासपीठावर सहज उच्चारला जातो. माळव्यात त्याला एक नाव आणि एक गाव आहे.

देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील उदयनगर येथे केरळच्या सिस्टर राणी मारिया भूमिहीन मजुरांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी त्या लोकांना संघटित करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, इतर प्रवाशांसमक्ष, त्यांची भोसकून हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा झाली. त्यानंतर जे घडले ते कुणाला अपेक्षित नव्हते. त्यांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली आणि त्याच्या सुटकेची मागणी केली. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा तो तिथे हजर होता. (गोव्याचे जोसेफ वाझ यांना ‘धन्य’ हे पद ज्या जानेवारी १९९५ मध्ये मिळाले, त्याच्या पुढच्याच महिन्यात ही हत्या झाली होती.)

सिस्टर राणी मारिया कॅथलिक होत्या. धारची जुनी मंडळी प्रोटेस्टंट. माळव्यात या भेदाला फार अर्थ उरत नाही. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. संशयाची नजर वळते तेव्हा समोरचा कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे कुणी विचारत नाही. गोव्यात ख्रिस्ती ऐक्य हा चर्चासत्राचा विषय असू शकतो. साडेतीनशेंत एक असलेल्यांना तो शेजारधर्माचा विषय वाटतो : आजारी पडल्यावर कोण येईल, मयताला खांदा कोण देईल, मुलांच्या शाळेसाठी कोण शब्द टाकेल.

स्टुअर्ड परततो तो इथे. त्याच्याकडून अपेक्षित असलेला ‘उपक्रम’ बहुधा लहान असतो. दोन मंडळ्यांच्या युवक संघांची एकत्र सभा, जानेवारीतील प्रार्थना सप्ताहात कॅथलिक शेजाऱ्यांना बोलावणे, रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटे अनुभवकथन. ते हिंदीतून द्यायचे असते. श्रवणयंत्र नसते, आणि ध्वनिक्षेपक या वेळी त्याच्या स्वतःच्या हातात असतो. पहिल्या बाकावरच्या आजींना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारायचा असतो : तिकडे जेवायला काय देत होते?